व्याख्यानानंतरची वीस मिनिटं : भौतिकशास्त्र संस्थेच्या नव्या शाखा-कार्यकारिणीस खुलं पत्र

भौतिकशास्त्राच्या व्यावसायिक संस्थांच्या स्थानिक शाखांवर यंदा निवडून आलेले अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि सदस्य यांस,

स. न. वि. वि.

पहिल्या बैठकीत काय होईल, याचा अंदाज आहे. फळ्यावर बारा महिने लिहिले जातील आणि प्रत्येकापुढे एकेका व्याख्यात्याचं नाव पडल्याशिवाय कुणी उठणार नाही. गुरुत्वीय लहरी, क्वांटम संगणक, एखादी अवकाश मोहीम. विषयही ठरलेलेच. ती यादी थोडी मागे ठेवा. याच विषयांवरची याच व्याख्यात्यांची उत्तम भाषणं सभासदाला घरी बसून, हवं तिथे थांबवून बघता येतात. शाखेकडे त्याहून वेगळं एकच आहे. विषय एक, पण एरवी गाठ पडत नाही अशी पन्नास-साठ माणसं एका खोलीत आणणं. व्याख्यान हे त्यांना जमवायचं निमित्त, आणि त्यानंतरची वीस मिनिटं हे शाखेचं खरं काम. सभागृह, वेळ, पत्रव्यवहार, पैसा, सगळं त्या वीस मिनिटांच्या सोयीनं ठरवावं, असं आमचं म्हणणं आहे.

हे म्हणणं नवं नाही. बर्लिनची भौतिकशास्त्र संस्था १८४५ साली काही तरुण अभ्यासकांनी काढली. तिच्या १९ ऑक्टोबर १९०० च्या बैठकीत कुर्लबाउम यांनी, रुबेन्स यांच्यासोबत केलेली अवरक्त प्रारणाची मोजमापं मांडली. तापलेली वस्तू कोणत्या तरंगलांबीला किती प्रारण सोडते हे सांगणारा वीन यांचा नियम दीर्घ तरंगलांबीला लागू पडत नव्हता. नंतरच्या चर्चेत भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स प्लँक उठले आणि त्यांनी आपलं नवं सूत्र सांगितलं. रुबेन्स यांनी त्याच रात्री आपली मोजमापं त्या सूत्राशी ताडून पाहिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्लँक यांना गाठून ती जुळत असल्याचं सांगितलं. सूत्रामागचं कारण प्लँक यांनी १४ डिसेंबरला त्याच संस्थेपुढे मांडलं. म्हणजे प्रारणाचा नियम पहिल्यांदा सभेत आला तो व्याख्यानानंतरच्या चर्चेतला एक मुद्दा म्हणून. तुमच्या शाखेत प्लँक येतील असं नाही. पण ‘वेळेअभावी प्रश्न घेता येणार नाहीत’ हे वाक्य सूत्रसंचालकाच्या तोंडी येण्याआधी ही बैठक आठवावी.

आता सभागृहाकडे. भौतिकशास्त्राची माणसं सभागृह निवडताना भौतिकशास्त्र घरी ठेवून येतात, ही आमची जुनी तक्रार आहे.

आधी आकार. विनामूल्य कार्यक्रमाला नाव नोंदवणारे सगळे येत नाहीत. किती येतात, हे प्रत्येक शाखेचं वेगळं असतं. म्हणून वर्षभर प्रत्येक कार्यक्रमाची नोंदणी आणि हजेरी लिहून ठेवा आणि स्वतःचं गुणोत्तर काढा. समजा ते ०.६ निघालं आणि १२० नावं आली, तर अपेक्षित हजेरी ७२. द्विपद वितरणानं प्रमाण विचलन, म्हणजे या अपेक्षेच्या आसपासची नेहमीची चढउतार, १२० × ०.६ × ०.४ याचं वर्गमूळ, म्हणजे साधारण ५.४. दोन विचलनं धरली तरी ८३ खुर्च्या पुरतात. दोनशेंचं सभागृह घ्यायचं कारण नाही. एक पथ्य मात्र पाळा. हे गणित प्रत्येक जण स्वतंत्रपणे ठरवतो असं धरून चालतं. एका महाविद्यालयाचा चाळीस जणांचा गट एकाच वाहनानं येणार असेल, तर ते चाळीस जण नव्हेत. तो एकच निर्णय आहे, येणार किंवा नाही येणार. गटांची नोंद वेगळी ठेवा आणि आदल्या दिवशी त्यांच्या शिक्षकांना फोन करा.

मोठं सभागृह नको, याचं दुसरं कारण आवाज. खोलीत आवाज घुमून विरायला लागणारा वेळ म्हणजे निनादकाळ. सॅबिन यांच्या सूत्रानं तो ०.१६१ गुणिले घनफळ भागिले एकूण ध्वनिशोषण. १५ मीटर लांब, १० रुंद आणि ४ उंच खोलीचं घनफळ ६०० घनमीटर. गुळगुळीत गिलावा आणि फरशी असलेल्या अशा रिकाम्या खोलीचं शोषण ४८ चौरस मीटर धरलं तर निनादकाळ दोन सेकंद. बसलेला एक माणूस साधारण ०.४५ चौरस मीटर शोषण देतो. ऐंशी माणसं बसली की शोषण ८४ होतं आणि निनादकाळ १.१५ सेकंदांवर येतो. वीसच आली, तर १.७ वरच अडकतो. भाषण नीट कळायला तो एका सेकंदाच्या आत हवा. म्हणजे अर्धं रिकामं सभागृह नुसतं केविलवाणं दिसत नाही, त्यात ऐकूही कमी येतं. आणि ऐकू आलं नाही की प्रश्न येत नाहीत. कारण आपण चुकीचं ऐकलं असेल, या शंकेनं माणूस गप्प बसतो.

यावर ध्वनिवर्धकाचा आवाज वाढवणं हा उपाय नाही. थेट आवाजाबरोबर निनादही तितकाच वाढतो. जाड, चुण्या पडलेले पडदे चाळीस चौरस मीटर लावले तर सुमारे वीस चौरस मीटर शोषणाची भर पडते, आणि ऐंशी जणांच्या सभेचा निनादकाळ ०.९३ वर येतो. पडदे जमत नसतील तर ध्वनिक्षेपक (स्पीकर) भिंतीवरून काढून श्रोत्यांच्या जवळ आणा, मागच्या रांगा दोरी लावून बंद करा आणि सगळ्यांना पुढे बसवा. सभागृह बघायला जाल तेव्हा व्यासपीठावर उभं राहून एक टाळी वाजवा. ती विरायला लागणारा वेळ कानानंच पुष्कळ सांगून जातो.

हवेचंही असंच. शांत बसलेला माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. ऐंशी माणसं, ६०० घनमीटर, दारं-खिडक्या बंद: तासाभरात दशलक्ष भागांत २४०० भागांची भर. बाहेरच्या हवेतले ४२० धरून आकडा २८०० च्या पुढे जातो. शिवाय प्रत्येकाची सुमारे १०० वॉट उष्णता, म्हणजे खोलीत आठ किलोवॉटची शेगडी. एवढ्यानं कुणी आजारी पडत नाही, पण चाळिसाव्या मिनिटाला जांभया सुरू होतात आणि दोष व्याख्यात्याच्या पदरी पडतो. प्रक्षेपणासाठी अंधार हवा म्हणून खिडक्या बंद केल्या जातात. पडदे ओढा, पण त्यामागच्या समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या ठेवा, आणि भाषण संपल्यावर दारं सताड उघडून मग प्रश्नांना सुरुवात करा.

सभागृहाची वेळ ठरवताना जाहीर समाप्तीपुढची पाऊण तास जास्तीची घ्या. चर्चा रंगात आलेली असताना दिवे बंद करायला माणूस दारात उभा राहतो, हा शाखांचा नेहमीचा अपघात आहे. अल्पोपाहार त्याच खोलीत, मागच्या भिंतीलगत ठेवा. दुसऱ्या मजल्यावर ठेवलात तर जिन्यातच निम्मी माणसं घरी निघतात.

व्याख्यात्याला पत्र बारा आठवडे आधी जावं. आशय आणि दीडशे शब्दांचा गोषवारा सहा आठवडे आधी मागा, तीन आठवडे आधी जाहीर करा, सात दिवस आणि एक दिवस आधी आठवण द्या. पत्रात दिनांक, भाषणाचा अवधी, पडद्याच्या लांबी-रुंदीचं गुणोत्तर, जोडणीचा प्रकार, ध्वनिचित्रमुद्रणाची परवानगी आणि प्रवासखर्च कुणी, कधी, कोणत्या पावतीवर द्यायचा, हे सगळं असावं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे श्रोते कोण, हे लिहा. ‘सर्वसामान्य श्रोते’ असं लिहून काही कळत नाही. ‘साठांपैकी वीस जण पदवीचे विद्यार्थी, पंधरा शाळाशिक्षक, दहा निवृत्त अभियंते, पाच जण तुमच्या विषयातले’ असं लिहिलं की व्याख्याता भाषण बदलतो.

वेळेचा घोळ जवळजवळ नेहमी एकाच ठिकाणी असतो. संशोधकाकडे तासाभराच्या विभागीय चर्चासत्राचा तयार संच असतो. पंचेचाळीस मिनिटांसाठी तो तोच संच आणतो आणि भराभर उलटतो. आठवडाभर आधी फोन करून विचारा, ‘स्लाइड्स किती आहेत?’ पस्तिसाच्या वर आकडा असेल, तर तेव्हाच सांगा की पंचेचाळिसाव्या मिनिटाला सभाध्यक्ष उभे राहतात. आणि खरोखर उभं राहा. दहा आणि पाच मिनिटं उरल्याची पाटी पहिल्या रांगेतून दाखवायची. ती दाखवणारी व्यक्ती संकोची नको. सादरीकरणाची एक प्रत पीडीएफ स्वरूपात आदल्या दिवशी मागवून शाखेच्या संगणकावर चालवून बघा. व्हिडिओ त्यात चालत नाहीत, ते वेगळे मागवा. कॉलरचा ध्वनिग्राहक (माइक) हनुवटीखाली पंधरा-वीस सेंटिमीटरवर, आणि व्याख्याता ध्वनिक्षेपकांच्या मागे, पुढे कधीच नाही. शिट्टी तिथूनच सुरू होते.

आता त्या वीस मिनिटांविषयी.

भाषण संपलं, टाळ्या झाल्या, सभाध्यक्ष विचारतात, ‘काही प्रश्न?’ शांतता. तीन सेकंदांत सभाध्यक्ष घाबरतात आणि स्वतःच प्रश्न विचारतात, नाहीतर पहिल्या रांगेतल्या ज्येष्ठ प्राध्यापकांकडे वळतात. इथे खेळ संपतो. ज्येष्ठांचा पहिला प्रश्न साहजिकच बारकाव्यातला असतो. तो ऐकून मागच्या रांगेतली विद्यार्थिनी आपला प्रश्न गिळून टाकते. याऐवजी टाळ्यांनंतर जाहीर करा, ‘दोन मिनिटं शेजाऱ्याशी बोला, न कळलेलं एक काहीतरी ठरवा.’ खोलीत गलका होतो, आणि दोन मिनिटांनंतर हात वर येतात, कारण आता तो प्रश्न एकट्याचा राहिलेला नसतो. पहिला ध्वनिग्राहक विद्यार्थ्याकडे जाईल, हा लेखी नियम करा, म्हणजे ज्येष्ठांना वाईट वाटत नाही. तरीही शांतता झाली तर मनात दहा आकडे मोजा. दहा सेकंद फार मोठी वाटतात, पण सहसा आठव्याच्या आसपास कुणीतरी बोलतं. सभाध्यक्षांनी एक प्रश्न तयार ठेवावा, पण तो अकराव्या सेकंदासाठी.

प्रत्येक प्रश्न सभाध्यक्षांनी ध्वनिग्राहकात पुन्हा सांगायचा. कार्यक्रम दूरस्थही असेल तर हे टाळून चालणारच नाही. पडद्यापलीकडच्या माणसाला खोलीतला प्रश्न ऐकूच येत नाही, त्याला नुसती उत्तरं मिळतात. दूरस्थ श्रोत्यांचे लेखी प्रश्न वाचायला एक माणूस फक्त त्याच कामाला बसवा. त्याच्या संगणकाचा ध्वनिग्राहक आणि आवाज दोन्ही बंद हवेत. एका खोलीत दोन यंत्रं उघडी राहिली की प्रतिध्वनी एकमेकांत फिरत राहतो आणि मग कुणालाच काही कळत नाही.

‘प्रश्न नाही, एक निवेदन आहे’ म्हणणारे गृहस्थ प्रत्येक शाखेत असतात. सापेक्षता चुकीची आहे किंवा अविरत चालणारं यंत्र बनवलं आहे असं सांगणारेही येतात. दोघांनाही हसू नका. त्यांच्यावर हसलेली सभा नवख्या विद्यार्थ्यालाही हसेल, हे त्याला लगेच कळतं. पहिल्यांना अर्ध्या मिनिटानंतर ‘यातला प्रश्न कोणता?’ एवढं विचारा. दुसऱ्यांना सांगा, ‘मोजता येईल असं एक भाकीत कागदावर लिहून द्या, मागे बसून बोलू’, आणि खरंच कुणीतरी बसा. आमच्या मते हे काम निवृत्त प्रयोगशिक्षक सगळ्यांत चांगलं करतात. अविरत यंत्राचं घर्षण कुठे आहे, ते त्यांना बोटानं दाखवता येतं.

दहा दिवसांनी पाच ताऱ्यांची प्रश्नावली पाठवण्यापेक्षा त्याच संध्याकाळी तीन आकडे वहीत लिहा: किती प्रश्न आले, किती वेगवेगळ्या लोकांनी विचारले, आणि समारोपानंतर वीस मिनिटांनी खोलीत किती माणसं उरली होती. मध्यवर्ती कार्यालय वार्षिक अहवालात कार्यक्रमांची संख्या आणि हजेरी मागतं, ती द्या. पण शाखा चालते आहे की नाही, हे तिसऱ्या आकड्यावरून कळतं.

प्रात्यक्षिकांचा मोह होणारच, आणि तो चांगला आहे. तांब्याच्या नळीतून हळूहळू उतरणारा चुंबक एका स्लाइडपेक्षा जास्त प्रश्न आणतो. धोका असतो तो द्रव नायट्रोजनचा, आणि लोक समजतात तिथे नव्हे. उणे १९६ अंशांच्या थंडीची भीती सगळ्यांना असते, म्हणून चष्मा आणि सैल हातमोजे आठवणीनं आणले जातात. (सैलच हवेत. आत थेंब गेला तर हात झटकून मोजा उडवता आला पाहिजे.) विसरतं ते वायूचं आकारमान. एक लिटर द्रवाचा सामान्य तापमानाला जवळपास ६९० लिटर वायू होतो. ६०० घनमीटरच्या सभागृहात दहा लिटर सांडला तरी ऑक्सिजन जेमतेम पाव टक्क्यानं घटतो. पण चार घनमीटरच्या उद्वाहनात (लिफ्टमध्ये) एकच लिटर सांडला, तर ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून साडेसतराच्या आसपास येतो; १९.५ ही धोक्याची रेषा मानतात. पाच लिटर सांडला तर तो नवाच्या खाली जातो, आणि तिथे माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध होतो. म्हणून भांडं उद्वाहनातून एकटंच पाठवायचं. एक माणूस खाली, एक वर, मधल्या मजल्यांवर कुणी आत शिरू नये म्हणून भांड्यावर मोठी पाटी. बंद मोटारीतून ते नेऊच नका. झाकण कधीही घट्ट लावायचं नाही, नाहीतर भांड्याचा बॉम्ब होतो.

सूर्यनिरीक्षण ठेवलंत तर गाळणी दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर हवी. नेत्रिकेला, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगाला, लावायची छोटी गाळणी एकवटलेल्या उष्णतेनं तडकते आणि डोळा तिथेच असतो. मोठीवर बसवलेल्या छोट्या शोधक दुर्बिणीचंही तोंड झाका. लेझरचे निर्देशक एक मिलिवॉटच्या आतले वापरा. स्वस्त हिरव्या निर्देशकांत गाळणी नसेल तर न दिसणारं अवरक्तही सोबत बाहेर पडतं.

वर्षाला आठ कार्यक्रम पुरेत. तीन विषयातल्यांसाठी, दोन सर्वांसाठी, एक प्रयोगशाळा-भेट, एक शिक्षकांची कार्यशाळा, आणि एक वार्षिक सभेला जोडून. बारा केलेत तर सचिव नवव्या महिन्यात थकतो. प्रयोगशाळा-भेटीला पंधराच्या वर माणसं नेऊ नका. सोळाव्याला यंत्र दिसत नाही, फक्त पाठी दिसतात.

पैशांबद्दल थोडक्यात. दोन सह्यांशिवाय खर्च नाही. खजिनदार स्वतःचे हिशेब तपासत नाही. दरमहा बँकेचा उतारा वहीशी ताडायचा. एका वर्षाच्या पक्क्या खर्चाइतकी गंगाजळी राखायची, त्याहून जास्त साठवायची नाही. सभासदांची वर्गणी पडून राहण्यासाठी नसते. व्याख्यात्याच्या प्रवासखर्चाचा अर्ज त्याच दिवशी भरून घ्या. विद्यार्थी-व्याख्यात्याला तर खर्च आगाऊ द्या. त्याला दोन महिने परताव्याची वाट बघायला लावणं हे शाखेला शोभत नाही.

राहिली कार्यकारिणी. सात ते नऊ माणसं, त्यांत एक विद्यार्थी, एक शाळाशिक्षक आणि एक उद्योगातला असा आग्रह धरा. मुदत तीन वर्षांची, दरवर्षी एक तृतीयांश निवृत्त. सगळे एकदम बदलले तर शाखेची स्मृती जाते आणि कुणीच बदललं नाही तर शाखा म्हातारी होते. इतिवृत्त आठवड्याच्या आत, प्रत्येक कामापुढे एक नाव आणि एक तारीख. ‘सर्वांनी पाहावे’ असं लिहिलेलं काम कुणीच पाहत नाही.

सभासदांची यादी, ईमेल, संकेतस्थळाचा पत्ता, चित्रफितींचं खातं, यातलं काहीही कुणाच्या खासगी नावावर नको. सगळं पदाच्या पत्त्यावर हवं, परवलीचे शब्द दोघांकडे, आणि पद सुटताना बदललेले. सर्वांना पत्र पाठवताना पत्ते गुप्त प्रतीच्या रकान्यातच टाका. एकदा सगळ्यांचे पत्ते उघडे पडले की ‘मला यादीतून काढा’ची साखळी तीन दिवस चालते, आणि ज्यांनी आपला पत्ता विश्वासानं दिला होता त्यांची तक्रार रास्तच असते.

बँकेतल्या सह्या बदलायला आठवडे लागतात, आणि तेवढ्या काळात जुना खजिनदार परगावी गेलेला असला तर व्याख्यात्याला देय असलेली रक्कमही निघत नाही. त्यामुळे नव्या खजिनदाराचं नाव सुचवलं गेल्यावर लगेच बँकेचे कोरे अर्ज आणून ठेवा, वार्षिक सभेतच ठराव करून इतिवृत्ताची सही झालेली प्रत त्यांना जोडा, आणि नव्या सहीनं पहिला व्यवहार होईपर्यंत जुनी सही काढू नका.

आपले,
स्थानिक शाखांची कामं सांभाळलेले काही सभासद